एका तोंडाची दोन कार्डं

तुम्हा दोघांना हे लिहायला बसले, कारण गेल्या रविवारी थोरलीनं मला फोनवर एक आलेख पाठवला. आपल्या जिल्ह्यातल्या बायकांच्या तोंडाच्या कॅन्सरची रेघ काही वर्षं चढत जाते आणि एका वर्षी एकदम खाली येते. त्याखाली तिनं लिहिलं होतं, "आजी, चांगली बातमी." मी उत्तर दिलं, "नाही." धाकट्यानं विचारलं, नाही म्हणजे काय? मला फोनवर एवढं टाइप करता येत नाही. शिवाय जे सांगायचं आहे ते माझ्या विरोधात जाणारं आहे, आणि बोलताना मी विषय बदलेन हे मला माहीत आहे. कागदावर तसं करता येत नाही. तुम्ही दोघंही आता आकड्यांची कामं करणार आहात, तेव्हा ही रेघ का उतरली हे तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

सुट्टीत तुम्ही यायचात तेव्हा मी सहा वाजता कामावरून घरी यायची, एवढंच तुम्हाला आठवत असेल. मी इथे कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात कॅन्सर नोंदणी विभाग सांभाळत होते. कुणाला कुठल्या अवयवाचा कॅन्सर झाला, निदान कधी झालं, पेशंट कुठल्या गावचा, हे कार्डावर लिहायचं, आजाराला ठरलेला कोड द्यायचा आणि महिनाअखेरीला याद्या करायच्या. याद्या दोन होत्या. एक रुग्णालयाची स्वतःची. दुसरी सगळ्या जिल्ह्याची, ती वरच्या कार्यालयाकडे जायची.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. कार्ड माणसाचं नसतं, आजाराचं असतं. समजा एका बाईच्या डाव्या गालात कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, ती बरी झाली. दोन वर्षांनी तिच्या खालच्या हिरडीत नवा कॅन्सर निघाला. हा एक मोजायचा की दोन? रुग्णालयाच्या यादीचा नियम होता, दोन. नवी गाठ, नवी बायोप्सी, नवं ऑपरेशन, म्हणून नवं कार्ड. जिल्ह्याच्या यादीचा नियम होता, एक. गाल, हिरडी, टाळू मिळून तोंड, आणि एका तोंडात त्याच जातीचा कॅन्सर कितीदाही निघाला तरी मोजायचा एकदाच. दोन्ही नियम आपापल्या जागी ठीक आहेत. रुग्णालयाला किती काम पडलं आणि आपल्या पेशंटचं पुढे काय झालं, मग ते दुसऱ्या रुग्णालयात का असेना, ते हवं असतं. जिल्ह्याला दुसऱ्या जिल्ह्यांशी आणि देशांशी तुलना करायची असते. फक्त कुठली यादी कुठल्या नियमानं केली, हे सांगता आलं पाहिजे.

मला दोन्ही नियम माहीत होते. पण आमच्या रुग्णालयाचे दोन याद्यांतले आकडे जुळले नाहीत की मला चैन पडत नसे. जिल्ह्याच्या यादीचे नियम इंग्रजीतून आले होते. ते विभागात मी एकटीनंच पूर्ण वाचले होते, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. गावोगाव फिरून माहिती आणणाऱ्या आमच्या माणसांना दोन नियम सांगितले तर गोंधळ होईल, असं मी स्वतःला सांगितलं. मी एका पानावर मराठीत सूचना लिहिल्या. प्रत्येक नव्या गाठीचं नवं कार्ड करायचं. नाव बायोप्सीच्या रिपोर्टवर असेल तसंच लिहायचं. पत्ता नेहमी राहण्याच्या गावाचा द्यायचा. खाली सही केली आणि कागद कपाटाशेजारच्या भिंतीवर चिकटवला. जिल्ह्याच्या यादीतली जादा कार्डं वरचा कॉम्प्युटर आपोआप गाळेल, असं मी धरून चालले. कुणाला विचारलं मात्र नाही.

फिरून माहिती आणणाऱ्यांत एक बाई होती, चाळिशीची. तिच्याकडे चंदगड तालुका, म्हणून सगळे तिला चंदगडची ताई म्हणत. नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत होता, हाताला इजा झाल्यापासून घरी बसलेला. मुलगी कॉलेजात. घर ताईच्या नोकरीवर चाले, आणि नोकरी म्हणजे अकरा महिन्यांचं कंत्राट, दर वेळी नव्यानं सही व्हायचं.

बाकीचे रुग्णालयांच्या याद्या उतरवून आणत आणि थांबत. ताई घरी जायची, आणि सहा महिन्यांनी त्याच घरी परत जायची. त्यामुळे तिला जे कळायचं ते दुसऱ्या कुणाला कळत नसे. चंदगडची माणसं पहिलं ऑपरेशन कोल्हापुरात करतात, दुसऱ्या वेळी बेळगाव जवळ म्हणून तिकडे जातात. तिकडचा कागद आमच्याकडे येत नाही. तो घरात पत्र्याच्या पेटीत असतो. ताई तो मागून बघायची. बायका मिश्री लावायच्या, म्हणजे तंबाखू जाळून केलेली काळी पूड दातांना घासायच्या, दिवसातून तीन-चारदा. अशा तोंडात एक गाठ काढली तरी दुसरी निघते. ताईला त्या दुसऱ्या गाठी सापडत गेल्या, आणि माझ्या कागदाप्रमाणे ती नवं कार्ड करत गेली.

करोनानंतरचा दुसरा पावसाळा. एका सोमवारी वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. चंदगडमधल्या बायकांचे आकडे शेजारच्या तालुक्यांपेक्षा फारच वर गेले होते. त्यांनी काही नावं काढून गावांत फोन केले, तर एका गावचे सरपंच म्हणाले की असल्या नावाची बाई आमच्या गावात नाही. नोंदी बनावट दिसतात, शुक्रवारी तपासनीस येतील, नोंदी करणाऱ्या कर्मचाऱ्याला हजर ठेवावं आणि दोष आढळल्यास तसा शेरा मारून कामावरून कमी करावं, असं पत्रात होतं.

बनावट नोंदींचा शेरा म्हणजे काय ते तुम्हाला तिकडे कळणार नाही. इथे आरोग्याच्या कामात सगळे एकमेकांना ओळखतात. असा शेरा बसलेल्या बाईला जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्यात साधं केसपेपर लिहायचं कामही मिळालं नसतं.

आमचे विभागप्रमुख डॉक्टर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, सज्जन माणूस. पत्र वाचून त्यांनी दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले की ताईचं कंत्राट या महिन्यात संपतंच आहे, पुढे वाढवू नये, वाद न करता पत्राला उत्तर द्यावं. मी मान हलवली नाही, पण नाही असंही म्हटलं नाही. मी स्वतः निवृत्तीनंतर मुदतवाढीवर होते. त्या खोलीत माझ्याइतकं टापटिपीचं कुणी नाही, असं सगळे म्हणत, आणि ते ऐकायची मला सवय झाली होती.

मंगळवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी भिंतीवरचा तो कागद काढला. नखानं चिकटपट्टी सोडवली, कागद दुमडून पर्समध्ये ठेवला. भिंतीवर फिकट चौकोन राहिला. त्यावर मी मागच्या वर्षीचं कॅलेंडर लावून पाहिलं, ते फार विचित्र दिसलं, म्हणून परत काढलं. घरी येऊन भाजी निवडली. तुमच्या आजोबांना काही बोलले नाही.

बुधवारी ताई म्हणाली, चला, मी ती बाई दाखवते. ज्या नावाची बाई गावात नाही म्हणतात, तीच. मी लगेच तयार झाले. का, तेही सांगते. मला वाटलं, ती बाई खरी आहे हे एकदा दाखवलं की तपासनीस परत जातील आणि कागदाचा विषय निघणारच नाही.

एसटीनं गडहिंग्लजपर्यंत बरं चाललं होतं. पुढे पाऊस असा की ड्रायव्हर बाहेर डोकं काढून रस्ता बघत होता. ताई खिडकीशी बसून रजिस्टर पदराखाली धरून होती.  बसमधून उतरल्यावर काजूच्या झाडांमधून एक वाट, मग भाताची खाचरं, त्यांच्या बांधावरून आम्ही गेलो. मी दोनदा घसरले, दोन्ही वेळा तिनं माझा दंड धरला.

घर त्या बाईच्या भावाचं होतं. दारात भावजय तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "पावणं कुठलं?" ताईला बघून मग हसली. आतून ती बाई आली, तोंडाला पदर लावलेला. पन्नाशीची असेल. तिला नीट बोलता येत नव्हतं, त्यामुळे भावजयच तिच्या वतीनं बोलत होती.

सगळा घोळ पाच मिनिटांत उलगडला. माहेरचं तिचं नाव एक. लग्नात सासरच्यांनी पहिलं नावच बदललं, आपल्याकडे पुष्कळांत बदलतात. गालाचं ऑपरेशन झालं तेव्हा नवऱ्यानं कोल्हापूरला आमच्याकडे नेलं, तिथे सासरचं नाव लागलं. हिरडीत निघाल्यावर नवरा म्हणाला, आता माझ्याच्यानं होत नाही. मग भावानं बेळगावला नेलं आणि फॉर्मवर आपल्या तोंडात होतं ते माहेरचं नाव सांगितलं. ताईनं माझ्या सूचनेप्रमाणे नाव रिपोर्टवरचं घेतलं, म्हणजे माहेरचं. पत्ता तेव्हाच्या नेहमीच्या राहण्याचा घेतला, म्हणजे सासरचा. त्या नावाची बाई त्या गावात कशी सापडणार? सासरी ते नाव कुणी पंचवीस वर्षांत उच्चारलं नव्हतं. जिचं घर पाणी तुडवत आम्ही गाठलं होतं, ती बाई माझ्या दोन ओळींनी मिळून नाहीशी केली होती.

मी तिचं आधार कार्ड आणि दोन्ही रुग्णालयांचे कागद मागितले. भावजयीनं पेटी काढली, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद दिले. मी ते बघत असताना तिनं विचारलं की एवढ्या लांबनं कशासाठी आलात. ताईनं तिला सोप्या भाषेत सांगितलं, की वर म्हणतात हा आजार एकच धरायचा, दोन न्हाय. भावजयीनं नणंदेकडे पाहिलं. त्या बाईनं पदर बाजूला केला. गालावर एक व्रण होता, आणि जबड्याखाली दुसरा, अजून लालसर.

"एक धरायचा का दोन, ते तुमी शिकल्याली माणसं ठरवा," भावजय म्हणाली. "आमी दोनदा नेलंय."

तिनं आम्हाला चहा दिला. त्या बाईनं स्वतःचा चहा बशीत थंड करून, चमच्यानं, भिंतीकडे तोंड करून घेतला.

परतीच्या एसटीत मागची सीट मिळाली. गडहिंग्लज सुटल्यावर ताई म्हणाली, "भिंतीवरला कागद दिसंना झालाय, मॅडम."

मी म्हणाले, "भिंतीला रंग द्यायचा आहे, म्हणून काढलाय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या मांडीवर रजिस्टर होतं, बस खड्ड्यातून गेली की ते उडायचं आणि ती हातानं दाबायची. "व्हय की," ती म्हणाली. "रंग उडालाच हाय." मग कागलच्या अलीकडे हायवेला लागेपर्यंत ती बाहेर बघत बसली. बाहेर काही दिसत नव्हतं.

शुक्रवारी अकराला तपासनीस आले. गोड बोलणारे, अतिशय व्यवस्थित. त्यांच्या फाईलला रंगीत पताका लावलेल्या होत्या, तशा मीही लावते. डॉक्टर, मी आणि ते आमच्या विभागातच बसलो होतो. ताई उभी होती. तिला बसायला कुणी सांगितलं नाही, मीही नाही.

मी आणलेले कागद पुढे ठेवले. नावं दोन असली तरी बाई खरी आहे, हे तिचं आधार कार्ड, हे दोन रिपोर्ट. तपासनिसांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचले. मला वाटलं, सुटलो. ते म्हणाले, म्हणजे बाई खरी आहे, पण ही दोन कार्डं एकाच बाईची आहेत. त्यांनी ताईकडे वळून विचारलं की ही एकच बाई आहे हे कार्ड करताना तुम्हाला माहीत होतं का. ताई म्हणाली, होतं. मग एकाच बाईची दोन नावांनी दोन कार्डं जाणूनबुजून केलीत? ताई म्हणाली, केली.

मी जो पुरावा आणला होता त्यानंच ती जास्त अडकली होती. आधी ती निष्काळजी ठरली असती. आता ती लबाड ठरत होती. डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं.

ताई म्हणाली, "मला जसं सांगितलं तसं मी लिवलं, साहेब."

"कुणी सांगितलं?" तपासनिसांनी विचारलं.

ताईनं भिंतीवरच्या फिकट चौकोनाकडे एकदा पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.  ती माझं नाव घेणार, आणि मग मी काय म्हणेन, याची वाक्यं मी जुळवत होते. हे मी तुमच्यापासून लपवत नाही, मी खरोखर वाक्यं जुळवत होते.

"ध्यानात न्हाय, साहेब," ताई म्हणाली.

तिनं नाव घेतलं असतं तर कदाचित मी गप्प बसले असते, किंवा म्हटलं असतं की तिचा समजण्यात घोटाळा झाला. पण ती तिथे उभ्या उभ्या आपली नोकरी सोडून देत होती, आणि कारण मी होते. मी पर्स उघडली, कागद काढून टेबलावर ठेवला आणि हातानं सपाट केला. म्हणाले, "मी सांगितलं. सही माझी आहे. मंगळवारी हा मीच भिंतीवरून काढला."

डॉक्टर म्हणाले, मॅडम, बसा. मी उभी राहिले होते हे मला तेव्हा कळलं.

तपासनिसांनी कागद सावकाश वाचला. मग त्यांनी मला जिल्ह्याच्या यादीचा नियम विचारला, आणि मी तो शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी विचारलं, नियम पाठ असताना हे का लिहिलं? मी म्हणाले, दोन याद्या जुळाव्यात म्हणून.  त्यांच्यासारख्या माणसाला ते कारण कळलं असावं, आणि कळलं म्हणूनच त्यांचा चेहरा जास्त कठोर झाला.

पुढचं काम दोन तासांत झालं. जिल्ह्याच्या यादीतली त्या वर्षापासूनची दुसरी कार्डं सगळी रद्द, पहिली ठेवायची, आणि हे सगळ्या तालुक्यांना लागू; आधीच्या वर्षांचे आकडे छापून झाले होते, ते तसेच राहिले. मी विचारलं, आकडा उतरला तो नियम नीट लावल्यामुळे, आजार कमी झाल्यामुळे नाही, असं अहवालात लिहाल ना? ते म्हणाले, अहवालात त्यासाठी रकाना नाही. ते खोटं बोलत नव्हते. मी स्वतः तो तक्ता वर्षानुवर्षं भरला होता, त्यात खरंच रकाना नाही. मग ताईनं पहिल्यांदा न विचारता तोंड उघडलं. दुसरी कार्डं फाडायची का, तिनं विचारलं. ते म्हणाले, नाही, रुग्णालयाच्या यादीत ती राहतील, तिथला नियम वेगळा आहे.

म्हणून त्या वर्षी तुमची रेघ खाली येते. चंदगडच्या बायका तेवढ्याच आजारी होत्या.

माझी मुदतवाढ पुढे झाली नाही. कुणी रागावलं नाही. निरोप दिला, शाल आणि नारळ दिला, डॉक्टर शिस्तीबद्दल चार चांगले शब्द बोलले आणि मी ते खाली मान घालून ऐकले. तुम्हाला तेव्हा मी गुडघे दुखतात म्हणून काम सोडलं असं सांगितलं होतं. गुडघे दुखतात, पण ते कारण नव्हतं.

त्या शुक्रवारी तपासनीस गेल्यावर ताई कपाटाला कुलूप लावत होती. मी तिला म्हणाले, ताई, माझं चुकलं. तिनं किल्ली ओढून बघितली, कुलूप नीट लागलंय का. मग म्हणाली, "बसमधी सांगितलं असतंसा, तर दोन रात्री झोपले तरी असते मी." एवढंच. मी उभी राहिले, ती डबा घेऊन गेली. त्यानंतर आम्ही पुष्कळदा बोललो. तिच्या मुलीच्या साखरपुड्याला मी जाऊन आले. पण तो विषय तिनं पुन्हा काढला नाही, आणि मला काढायचा धीर झाला नाही.

आता जे उरलं आहे ते सांगते. ताईच्या कंत्राटावर त्या महिन्यात सही झाली आणि त्यानंतर दर वेळी होत आली. शेरा बसला नाही. भावाकडची ती बाई हयात आहे, मऊ भात आणि ताक घेते. ताई अजून चंदगडला जाते, आणि एकदा गेलेल्या घरी सहा महिन्यांनी परत जाते.